वारसा नसलेला व्यवसाय

चेन्नईत गिंडीच्या सरदार पटेल रस्त्यावर गांधी मंडपाचे आवार आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारी आणि के. कामराज या दोन माजी मुख्यमंत्र्यांची स्मारके त्याच आवारात आहेत. हयातीत ज्यांचे एकमेकांशी फारसे पटले नाही, अशा दोन नेत्यांना मरणोत्तर शेजार लाभला आहे. त्यांच्यातील संघर्षाचे एक कारण शाळेशी निगडित होते. १९५३ मध्ये राजाजींनी मद्रास राज्याच्या ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी रोज तीन तास वर्गात बसावे आणि उरलेल्या वेळात घरी वडिलांचा व्यवसाय शिकावा, असे तिचे स्वरूप होते. शाळा दोन पाळ्यांत भरेल, त्याच इमारतीत आणि त्याच शिक्षकांकडून अधिक मुले शिकतील, हा हिशेब कागदावर बिनतोड होता. पण कुंभाराच्या मुलाने मडकी घडवावीत आणि न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरावा याला शिक्षण म्हणायचे, तर जातिव्यवस्था वेगळी ती कोणती, असा सवाल पेरियार आणि द्रविड चळवळीने केला. विरोधकांनी योजनेला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव दिले आणि इतिहासात तेच टिकले. एप्रिल १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेल्या कामराजांच्या सरकारने ही योजना रद्द केली.

हाताला काम देणाऱ्या शिक्षणाची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. नई तालीमचा विचार १९३७ मध्ये वर्ध्यातच मांडला गेला. मात्र तेथे चरखा शाळेत होता आणि तो सर्व मुलांसाठी एकच होता. राजाजींच्या योजनेत व्यवसाय घरी होता आणि ज्याचा त्याला होता. तामिळनाडूत व्यावसायिक शिक्षणाचा विषय निघाला की सत्तर वर्षांनंतरही ही जखम आधी आठवते, ती या फरकामुळे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये सहावीपासून व्यवसायांची ओळख करून देण्याचे ठरविले तेव्हा कुलक्कल्वी परतल्याची हाकाटी झाली. पीएम विश्वकर्मा योजना द्रमुक सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये आहे त्या स्वरूपात नाकारली. व्यवसाय कुटुंबात परंपरेने चालत आलेला असावा, ही अट त्या सरकारला सर्वाधिक खटकली होती. समग्र शिक्षा अभियानाचे २०२४-२५ चे दोन हजार कोटींहून अधिक रुपये केंद्राने अडवून धरले आणि प्रकरण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी ८ ऑगस्टला राज्याने आपले स्वतंत्र शालेय शिक्षण धोरण जाहीर केले. दिल्लीतून पाहताना हे सारे भाषिक अस्मितेचे राजकारण वाटते. तामिळनाडू केडरमध्ये किंवा तेथील केंद्रीय कार्यालयांत काही वर्षे काढलेल्या मराठी अधिकाऱ्यांना त्यामागची भीती खरी आहे, हे ठाऊक असते.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना उपयोजित मानसशास्त्र हा विषय व्यावसायिक अर्हता म्हणून शिकता यावा काय, या प्रश्नाकडे याच पार्श्वभूमीवर पाहावे लागेल. वरवर पाहता तो अभ्यासमंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवरील एक किरकोळ मुद्दा आहे. तो किरकोळ राहिला नाही तो २५ जुलै २०२५ पासून. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, हे त्यांपैकी एक. कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत.

न्यायालयाला हे सांगावे लागले, त्यामागचे आकडे महाराष्ट्र आणि तामिळनाडू या दोन्ही प्रगत राज्यांना मान खाली घालायला लावणारे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्र १,७६४ च्या संख्येने पहिला होता आणि तामिळनाडू १,४१६ च्या संख्येने दुसरा. पुढच्या वर्षी देशाचा आकडा १३,८९२ वर गेला. गिंडीला लागून असलेल्या आयआयटी मद्रासमध्ये २०२३ मध्ये लागोपाठ घडलेल्या अशा घटनांची चर्चा देशभर झाली. ज्या शाळांची नावे वृत्तपत्रांत येत नाहीत, त्यांची चर्चा कोणी केली नाही.

आदेश झाला, पण माणसे कोठून आणणार? केंद्रीय विद्यालयांसारख्या सुस्थित संस्थांतही समुपदेशक वर्षा-वर्षाच्या कंत्राटावर नेमण्याचा प्रघात राहिला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांविषयी बोलायलाच नको. अशा वेळी सरकारी यंत्रणा काय करते, हे या स्तंभाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. एखाद्या शिक्षकाला आठवडाभराच्या शिबिराला पाठवून त्याच्या नावापुढे ‘समुपदेशक’ असे लिहिले जाते आणि अनुपालन अहवाल वर जातो. बारावीच्या व्यावसायिक प्रमाणपत्राचा उपयोग याच पळवाटेसाठी होण्याचा धोका आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना स्वस्तातले समुपदेशक म्हणून शाळांत उभे करणे हा न्यायालयाच्या आदेशाचा उपहास ठरेल आणि त्या मुलांवर अन्यायही.

गिंडीत तर समुपदेशन या शब्दाचा एक वेगळाच अर्थ रुळला आहे. तामिळनाडूतील पालक ‘कौन्सेलिंग’ म्हणतात ते अभियांत्रिकीच्या जागावाटपाला. २०१८ मध्ये ही प्रक्रिया ऑनलाइन होईपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली कुटुंबे पिशव्या आणि गुणपत्रिका घेऊन अण्णा विद्यापीठाच्या आवारात मुक्काम ठोकीत. मुलाला काय वाटते, हे त्या कौन्सेलिंगमध्ये विचारले जात नसे. त्याचा गुणानुक्रम पाहिला जाई. महाराष्ट्राने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलमापन चाचणी घेतली. मूल विचारात घेण्याचा हेतू तिच्यात निश्चित होता. पण चाचणीचा निकाल हाती पडल्यावर मुलाशी बसून बोलणारा माणूस बहुतेक शाळांत नव्हता. मुंबईत सरकारचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र १९५० मध्ये सुरू झाले होते, हे लक्षात घेता ही उणीव अधिकच बोचते.

मानसशास्त्र शाळेत शिकवले जात नाही, असे नव्हे. महाराष्ट्राच्या उच्च माध्यमिक मंडळात ते कला शाखेचा विषय म्हणून आहे, केंद्रीय मंडळात आहे, मुक्त विद्यालयातही आहे. स्मृतीचे प्रकार, व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, बुद्धिमापनाचा इतिहास असे सारे त्यात येते. प्रात्यक्षिक वा प्रकल्पाला गुण असतात, पण विद्यार्थी कामाच्या ठिकाणी जाऊन काही करतो, असे क्वचितच घडते. इंग्लंडमध्ये २०१७ पासून बीटेक या व्यावसायिक अर्हतांच्या मालिकेत उपयोजित मानसशास्त्राचा समावेश झाला, तो सोळा ते अठरा-एकोणीस या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी. त्यात मानसशास्त्रीय दृष्टिकोन, लहानसे संशोधन स्वतः करणे आणि आरोग्याचे मानसशास्त्र हा गाभा. त्याच्या जोडीला गुन्हेगारी, बालविकास, क्रीडा असे पर्याय. तेथेही त्याला दुय्यम दर्जाच्या शिक्षणाचा शिक्का चुकला नाही. २०२१ मध्ये सरकारने अशा अनेक अर्हतांचा निधी काढून घेण्याचा मार्ग धरला आणि त्यावरून तेथील महाविद्यालयांनी मोठा विरोध केला. परदेशातून नमुना उचलायचा, तर हा वादही सोबत येतो हे ध्यानात ठेवलेले बरे.

तरीही या विषयाच्या बाजूने एक असा मुद्दा आहे, जो गिंडीच्या त्या दोन स्मारकांपाशीच नीट कळतो. मनाचे काम हे कोणत्याही जातीचे परंपरागत काम नाही. सुताराचा, विणकराचा, चांभाराचा व्यवसाय शाळेत आणला की तो कोणाच्या मुलाने शिकायचा हा प्रश्न दबक्या आवाजात तरी उपस्थित होतोच. मानसशास्त्रीय साहाय्यकाचा व्यवसाय वडिलांकडून घेता येत नाही, कारण तो वडिलांकडे नव्हताच. ज्या राज्याला व्यावसायिक शिक्षणात कुळाचा वास येतो, त्याने निःशंकपणे स्वीकारावा आणि ज्या केंद्राला तामिळनाडूचा विरोध अनाठायी वाटतो, त्याने आपला हेतू सिद्ध करण्यासाठी पुढे करावा, असा हा विषय आहे. आश्चर्य याचे की दोघांनाही तो सुचलेला नाही.

अर्थात जात नसली तरी पायरी असू शकते. श्रीमंतांची मुले मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन दवाखाना थाटतील आणि गरिबांची मुले बारावीचे प्रमाणपत्र घेऊन त्यांच्या दारात नोंदवह्या भरतील, अशी नवी उतरंड तयार होण्याची शक्यता नाकारता येत नाही. येथे कायद्याचे गणित पाहावे लागते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने वर्तणूक-आरोग्य या गटात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि मानसिक आरोग्य साहाय्यक कार्यकर्ते यांना स्थान दिले. मात्र कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक होण्यासाठी दोन ते चार वर्षांत किमान दोन हजार तासांचे शिक्षण लागते आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान तीन हजार सहाशे तासांचे. शाळेतील एका विषयाचे तास यात कोठेच बसत नाहीत. म्हणजे बारावीचा विद्यार्थी कायद्याने व्यावसायिक ठरणार नाही, आणि ते योग्यच आहे. दुसरीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह या कायद्याखालील अभ्यासक्रम दूरशिक्षणाने देण्यास बंदी केली. दर्जाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण नोकरी सांभाळून, बदलीच्या गावी घर सांभाळून शिकणाऱ्यांची वाट त्यामुळे बंद झाली, हेही खरे. वरचे दार अरुंद होत असताना खालची पायरी भक्कम बांधण्याची निकड त्यातून वाढते.

मग बारावीनंतर काम कोणते? त्याचे उत्तर शोधायला गिंडीबाहेर जावे लागत नाही. किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात जून २०२३ मध्ये एक हजार खाटांचे कलैञर शताब्दी अतिविशेषोपचार रुग्णालय सुरू झाले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी तेथील एका कर्करोगतज्ज्ञावर रुग्णाच्या मुलाने बाह्यरुग्ण विभागात चाकूने वार केले. राज्यभर डॉक्टरांनी काम थांबविले, सुरक्षेच्या घोषणा झाल्या. त्या हल्ल्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. पण अशा घटनांनंतर चर्चा नेहमी दरवाजावरील पहारेकरी आणि धातुशोधक यंत्रे यांच्यापाशी थांबते. आईच्या आजाराचे काय होणार हे मुलाला नीट कळेल अशा भाषेत सांगणे, तो संतापला आहे हे वेळेवर ओळखणे, त्याची तक्रार नोंदवून ती योग्य माणसापर्यंत नेणे या कामासाठी सरकारी रुग्णालयात स्वतंत्र माणूस सहसा नसतो. ते काम परिचारिकेच्या किंवा शिपायाच्या गळ्यात पडते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या मनुष्यबळात मनोविकारतज्ज्ञाबरोबर रुग्णनोंदणी साहाय्यक हे पदही आहे. पुनर्वसन केंद्रे, विशेष शाळा, पाळणाघरे, वृद्धाश्रम येथे असे साहाय्यक लागतात. १९५८ मध्ये उभ्या राहिलेल्या गिंडी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत कामगार निवड आणि सुरक्षा प्रशिक्षण या कामांत ते लागू शकतात. रेल्वेतील साहाय्यक लोको पायलटांची मानसक्षमता चाचणी किंवा सैन्यदलाच्या निवड मंडळापुढील मानसशास्त्रीय परीक्षा अनेक वाचकांनी स्वतः दिलेली असेल. मानसशास्त्र हे सरकारी कामात नवे नाही. ते फक्त वरच्या मजल्यावर ठेवले गेले आहे.

पदवी नसलेल्या माणसाला हे काम झेपते काय, या शंकेचे निरसन करणारा पुरावा गोव्यातून येतो. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उभारलेल्या ‘संगत’ या संस्थेने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची पूर्वपीठिका नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना नैराश्यावरील ठराविक उपचारपद्धती शिकवली. त्यांच्या कामाचे निष्कर्ष २०१० आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांकडून असेच काम करून घेतले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रमाने गावकऱ्यांनाच मित्र म्हणून उभे केले. बिहारच्या शाळांतील अभ्यास तर येथे सर्वाधिक बोलका आहे. एकच कार्यक्रम काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, पदवीधर तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी राबविला आणि काही शाळांत शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षकाच्या नावापुढे पद चिकटवून आदेशाचे पालन करू पाहणाऱ्या शिक्षण सचिवांनी २०१८ मधला हा निष्कर्ष टेबलावर ठेवावा.

मात्र या सर्व प्रयोगांत दोन गोष्टी समान होत्या. कार्यकर्ते प्रौढ होते आणि त्यांच्यावर सतत देखरेख होती. म्हणून शाळेतील व्यावसायिक अभ्यासक्रमाने उपचार शिकवू नयेत, पूर्वतयारी शिकवावी. निरीक्षण कसे करावे, ते मत न मिसळता कसे लिहावे, प्रश्न कसा विचारावा, संमती म्हणजे काय, ऐकलेले कोठे बोलायचे नाही आणि कोठे बोललेच पाहिजे, हे त्यात मध्यवर्ती हवे. शेवटचा मुद्दा सोपा नाही. क्षेत्रकार्यावर गेलेल्या विद्यार्थिनीला एखादे लहान मूल आपल्यावरील अत्याचाराविषयी सांगेल, त्या क्षणी बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी २०१२ च्या कायद्याप्रमाणे ती बाब यंत्रणेला कळविणे बंधनकारक होते. सतरा वर्षांच्या मुलीला एकटीने पेलण्यासारखे हे ओझे नव्हे. तिच्या मागे नाव आणि दूरध्वनी क्रमांक असलेला पर्यवेक्षक उभा नसेल, तर क्षेत्रकार्य सुरूच करू नये. प्राथमिक संख्याशास्त्र हवे, कारण चाचणीच्या गुणांचा अर्थ त्याविना लागत नाही. आणि आपल्या आवाक्याबाहेरचे काय आहे ते ओळखून माणूस पुढे पाठविण्याची शिस्त हवी. या शिस्तीवर वेगळी परीक्षा असली तरी अतिशयोक्ती होणार नाही.

भाषेचा प्रश्न धोरणपत्रांत सहसा एका वाक्यात आटोपतो. प्रत्यक्षात हे संपूर्ण काम भाषेतच चालते. विदर्भातून बदलून आलेल्या अधिकाऱ्याची मुलगी चेन्नईच्या शाळेत इंग्रजीतून भौतिकशास्त्र शिकू शकते. ‘जीव लागत नाही’ हे ती इंग्रजीतून सांगू शकत नाही, तामिळमधून तर नाहीच. गिंडीच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर राबणाऱ्या ओडिया-बिहारी कामगारांच्या मुलांची अडचण याहून मोठी आहे, कारण त्यांच्यापाशी इंग्रजीही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या दूरध्वनी सेवेने अनेक भारतीय भाषांत बोलण्याची सोय केली, हे योग्य दिशेचे पाऊल. परंतु दूरध्वनीच्या पलीकडे बसणारा माणूस कोणत्या भाषेतील पाठ्यपुस्तकातून शिकला? मराठीत मानसशास्त्राच्या लेखनाची परंपरा आहे. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत १९६२ पासून आणि ठाण्याच्या आयपीएच संस्थेत १९९० पासून या क्षेत्रात मराठीतून काम झाले आहे. ते शाळेच्या व्यावसायिक पाठ्यपुस्तकात उतरविणे ही महाराष्ट्र सरकारच्या हातातली गोष्ट आहे.

राहिला प्रश्न प्रतिष्ठेचा. कोठारी आयोगापासून (१९६४-६६) प्रत्येक समितीने उच्च माध्यमिक स्तरावर व्यवसाय शिक्षणाची मोठी लक्ष्ये ठेवली आणि प्रत्येक लक्ष्य हुकले. माल्कम आदिशेषय्या यांच्या समितीने १९७८ मध्ये अहवाल दिला, त्याच वर्षी तामिळनाडूत बारावीची व्यवस्था आली आणि तिच्याबरोबर व्यावसायिक शाखाही. १९८६ च्या धोरणाने १९९५ पर्यंत पंचवीस टक्के विद्यार्थ्यांना या बाजूला वळविण्याचे ठरविले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम काढले. २०२० च्या धोरणाला, पाच टक्क्यांहून कमी तरुण कामगारांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाल्याची कबुली द्यावी लागली. मुले मूर्ख नसतात. ज्या शाखेतून पुढे पदवीला जाता येत नाही, ती शाखा ते घेत नाहीत. तामिळनाडूने अभियांत्रिकी प्रवेशात व्यावसायिक शाखेसाठी काही जागा राखून ठेवल्या, ही दूरदृष्टी होती. मानसशास्त्राच्या बाबतीत तशी वाट प्रथमपासून आखली पाहिजे. बारावीचे तास पुढील पदविकेच्या दोन हजार तासांत काही प्रमाणात धरले जावेत, आणि परिचर्या, समाजकार्य वा मानसशास्त्राच्या पदवीला या विद्यार्थ्यांना प्रवेश असावा.

हे जुळविणारी कार्यालये गिंडीतच दाटीवाटीने बसली आहेत. रोजगार व प्रशिक्षण संचालनालय तेथे, राज्य कौशल्य विकास महामंडळ तेथे, तंत्रशिक्षण संचालनालय तेथे. आयटीआयच्या निदेशकांना घडविणारी केंद्राची प्रशिक्षण संस्थाही तेथेच. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘नान मुदल्वन’ योजनेने नववी ते बारावीच्या मुलांना व्यवसायनिवडीचे मार्गदर्शन याच यंत्रणेतून पोचविले. अभ्यासक्रम कोणी शिकवायचा, हा सर्वांत अवघड प्रश्न सोडविण्यासाठी निदेशक प्रशिक्षणाचा एक वर्ग येथे उघडता येईल. त्यासाठी नवी संस्था लागत नाही.

अडते ते दिल्लीत. राष्ट्रीय आयोगाने साहाय्यकाच्या पातळीवरील कामाची व्याख्या करून त्याची मर्यादा लेखी आखून दिल्याशिवाय कोणतेही राज्य मंडळ हा विषय सुरू करण्याचे धाडस करणार नाही, आणि केले तर ते प्रमाणपत्र राज्याच्या सीमेपलीकडे चालणार नाही. बदलीवर जगणाऱ्या कुटुंबांना या दुसऱ्या गोष्टीचा अर्थ लगेच कळेल. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे. आरोग्याचा आयोग केंद्राचा आहे, रुग्णालये राज्यांची आहेत, शाळा कोणाच्याही असोत, मुले दोघांचीही आहेत. अडवलेल्या निधीचा तंटा न्यायालयात चालू राहील तेव्हा राहो. व्याख्येचे एक परिपत्रक काढायला त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.